‘क्लाऊनिंग’ला मराठीत काय म्हणायचं? विदूषक, सोंगाड्या की जोकर?

हरिपूररोड: दिवाळीनंतर आमची हौशी मंडळी सांगलीत कॉलेजच्या मुलांसाठी क्लाऊनिंगची कार्यशाळा घेतेय. लाल नाक, धडपडणं, न बोलता हसवणं असा प्रकार. फलकावर मराठी शब्द हवा आहे. ‘विदूषकी कला’ म्हटलं तर मुलं म्हणतात संस्कृतचा तास वाटतो. ‘जोकर’ लिहिलं तर पालक पाठवायचे नाहीत. ‘सोंगाड्या’ चालेल का?

संस्कृतवाली: विदूषकाला इतक्या लवकर बाद करू नका. वि + दूष्, म्हणजे दोष काढणारा, वाकडं बोलणारा. नाट्यशास्त्रात तो बुटका, दात पुढे आलेला, टकला असा वर्णिलाय. पण त्याच ग्रंथात रंगभूमीवरच्या पात्रांचं रक्षण कोणी करायचं ते वाटून दिलंय: नायकाचं इंद्राने, नायिकेचं सरस्वतीने आणि विदूषकाचं ओंकाराने. एवढा मान नुसत्या खादाड भटजीला कोण देईल?

आणि तो फक्त हसवतो असंही नाही. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला विदूषक मैत्रेय आठवा, नायक चारुदत्ताचा मित्र. चारुदत्ताची गरिबी आली तरी हा त्याला सोडून जात नाही. न्यायसभेत मित्राच्या बाजूने तो राजाच्या मेहुण्याच्या, म्हणजे आळ घेणाऱ्या शकाराच्या अंगावर धावून जातो, आणि त्या झटापटीत काखेतले वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. चारुदत्तावरचा तिच्या खुनाचा आळ तिथेच पक्का होतो. हसणाऱ्या प्रेक्षकाचा घास घशात अडकतो. विदूषकाकडून एवढं काम करून घेणारा नाटककार मला दुसरा दिसत नाही.

कवलापूरकडचा: ताई, सगळं खरं. पण तुमचा मैत्रेय आमच्या जत्रेत कधी आला नाही, सोंगाड्या आला. तमाशात गण झाला की गवळण, तिथं कृष्णाचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची मावशी. मग बतावणी, मग वग म्हणजे मुख्य नाट्य. बतावणीत नायक सरळ बोलणार आणि सोंगाड्या त्याचा प्रत्येक शब्द उलटा धरणार. तो काय पाठ करून येत नाही. गावात उतरल्यावर सरपंच कोण, कुठल्या विहिरीवरनं भांडण चाललंय, एवढं काढून ठेवतो, आणि रात्री बरोबर तिथंच बोट घालतो. समोर बसलेला पाटीलसुद्धा हसतो, न हसून सांगतो कुणाला!

तमाशातले काळू-बाळू आमच्या कवलापूरचेच. जुळे भाऊ, ओळखू येणार नाहीत इतके सारखे. ‘जहरी प्याला’ वगात दोघं हवालदार झाले, तेव्हा निम्मं हसू सारखेपणाचं आणि निम्मं जिभेचं. जीभ काढून घेतली तर सोंगाड्या उरत नाही. म्हणून बिनबोलक्या कार्यशाळेला ते नाव देऊ नका, माझा विरोध आहे.

म्हैसाळवाला: मग जोकरच घ्या की! सर्कशीला आपल्या जिल्ह्यात कमीपणा कशाला? १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. देवलांची सर्कस आमच्या म्हैसाळची. जोकर दोन कसरतींच्या मध्ये येतो ते जाळं बांधेपर्यंत लोकांना धरून ठेवायला. झुल्यावरून मुद्दाम चुकून पडायचं तर आधी झुला येत असावा लागतो. त्यामुळे जोकर बहुतेक वेळा तंबूतला चांगला कसरतपटू असतो. पालकांना हे सांगा.

कृष्णाकाठ: ‘क्लाऊन’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ गावंढळ माणूस. शहरी नाटकात खेडवळ नोकर आला की लोक हसायचे, त्यावरून तो विनोदी पात्राचं नाव झाला. पुढे लंडनला जोसेफ ग्रिमाल्डीने (१७७८–१८३७) चेहरा पांढरा रंगवून गालांवर लाल ठिपके काढले, आणि आजचा रंगवलेला क्लाऊन तिथून आला. लाल नाक मात्र त्याचं नव्हे. ते सर्कशीतल्या ‘ऑगस्ट’चं. पांढऱ्या तोंडाचा क्लाऊन शिष्ट, हुकूम सोडणारा. ऑगस्ट ढगळ कपड्यातला, सगळ्याचा विचका करणारा. ही जोडी बतावणीतल्या नायक-सोंगाड्यासारखीच नाही का?

कवलापूरकडच्या दादांचा जिभेचा मुद्दा मात्र मोठा आहे, तो पुढे नेतो. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत. केरळच्या कुडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारात विदूषक श्लोकांचा अर्थ मल्याळममध्ये सांगतो, आणि सांगता सांगता बसलेल्यांची टोपीही उडवतो. चीनच्या पेकिंग ऑपेरातला ‘छौ’, नाकाभोवती पांढरा ठिपका असलेला, तो साध्या बोलीत बोलतो, बाकीचे ठरीव नाटकी भाषेत. जावाच्या छायानाट्यात महाभारतातले वीर असतात, पण त्यांच्या पदरी सेमर नावाचा ढेरपोट्या नोकर. मूळचा देव, आणि बोलणं लोकांचं. रंगमंचावर मोठ्यांची भाषा चालू असताना प्रेक्षकांच्या भाषेत बोलणारा एक जण ठेवायचा, ही सोय इतक्या ठिकाणी सापडते.

आपल्याकडेही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यांच्या खेळांतही सूत्रधाराशेजारी विदूषक होता. तेव्हा बोलका म्हणजे क्लाऊन नव्हे, हे मला मान्य नाही. मुके क्लाऊन ही एक शाखा झाली.

म्हैसाळवाला: ‘खुशमस्कऱ्या’ राहिला की.

संस्कृतवाली: तो नको. मूळ अरबी ‘मस्खरा’ म्हणजे थट्टेखोर, पण मराठीत खुशमस्कऱ्या मालकाला हसवून पोट भरतो. विदूषक मालकालाच हसतो. वर्तमानपत्रं पुढाऱ्यांच्या ‘विदूषकी चाळ्यां’बद्दल लिहितात, तेव्हा बहुतेकदा त्यांना खुशमस्करीच म्हणायची असते.

हरिपूररोड: बरं, ठरलं. फलकावर मोठ्या अक्षरात ‘क्लाऊनिंग’, देवनागरीत. खाली ‘विदूषक, सोंगाड्या, जोकर: हसवणाऱ्यांची कामं’. एक सत्र बतावणीचं ठेवतो, बोलकं. दादा, घ्याल का?

कवलापूरकडचा: घेतो की. पण नायक माझ्याच गावचा आणणार, तुमच्या कॉलेजातला नको. त्याला सरळ बोलताच यायचं नाही.

हरिपूररोड: आणखी एक. नाव नोंदवलेल्यांत मुलीच जास्त आहेत. सोंगाड्याचं स्त्रीलिंग काय?

कवलापूरकडचा: आमच्याकडं बाईचं हसवायचं काम मावशीचं, आणि मावशी पुरुषच व्हायचा. त्यामुळं शब्दाची गरजच पडली नाही.

संस्कृतवाली: आता पडली ना. ‘सोंगाडी’ म्हणा. डॉक्टर, वकील बाईला चालतात तसं नुसतं ‘सोंगाड्या’ही चालेल, पण ‘ती सोंगाड्या आली’ हे माझ्या कानाला खटकतं.

म्हैसाळवाला: जोकरला ही अडचण नाही बघा.