अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराचा काळ्यांनी केलेला बस-बहिष्कार नववीला शिकवताना रॉबिन्सनबाई कुठं बसवायच्या?

खानापूरकर: एकाच तासात घ्यायचंय. मुलांना रोझा पार्क्स तेवढ्या माहीत. जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंचं काम करून दाखवता येईल का?

निपाणीचे मास्तर: आधी बस मांडा. खुर्च्या 36. पुढच्या 10 गोऱ्यांच्या, मागच्या 10 काळ्यांच्या, मधल्या 16 ड्रायव्हरच्या मर्जीवर. मधल्या पहिल्या ओळीत चौघं काळे बसवा आणि एक गोरा चढवा. एकासाठी चौघांनी उठायचं! पार्क्स याच ओळीत होत्या, उठल्या नाहीत म्हणून अटक झाली. मुलं हमखास 'गोऱ्यांच्या जागेवर बसल्या' असं लिहितात. आपल्या बसमधली 'महिळेयरिगे' (कन्नडमध्ये 'महिलांसाठी') पाटी आठवून गोंधळही होतो. ती सोय आहे. माँटगोमेरीत पुढच्या जागा रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी उभं राहायचं. 1949 च्या डिसेंबरात जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढं बसल्या म्हणून ड्रायव्हर रॉबिन्सनबाईंच्या अंगावर ओरडत आला, तो याच नियमानं.

टिळकवाडी: मास्तर, तारखाही फळ्यावर हव्यात, नाहीतर 'पार्क्स दमल्या होत्या, म्हणून सगळं घडलं' एवढंच उरतं. बाईंनी महापौर गेल यांना पत्र लिहिलं 21 मे 1954 ला: प्रवाशांत पाऊण हिस्सा काळ्यांचा, ते चढले नाहीत तर बस चालायच्या नाहीत, पंचवीस-एक संघटनांत बहिष्काराची बोलणी चाललीत. पार्क्सना अटक 1 डिसेंबर 1955 ला. म्हणजे दीड वर्ष आधीची तयारी.

करून दाखवायला 'सोमवारी बसमध्ये चढू नका' असं सांगणारं बाईंचं पत्रक घ्या. अटकेच्या रात्री बाई, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी कॉलेजच्या सायक्लोस्टाइलवर बसले. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, मग कापून तीन पत्रकं. पहाटे 4 ला गठ्ठे तयार. सकाळी तास घेऊन बाई वाटायला निघाल्या. मुलांना फुलस्केपचा तिसरा हिस्सा द्या. त्यात कोणाला अटक, कोणता वार, काय करायचं, एवढं मावलं पाहिजे. मुलं भाषण लिहितात आणि 'सोमवार'च विसरतात.

खानापूरकर: कॉलेजची परवानगी होती?

टिळकवाडी: कसली? कॉलेज राज्य सरकारच्या पैशावर चालायचं. अध्यक्षांनी बोलावून जाब विचारला, कागदाचे पैसे बाईंनी भरले. नोकरीपायी पुढं यायचं टाळलं, तरी आंदोलनाचं वार्तापत्र त्याच काढत. बहिष्कार 381 दिवस चालला, निकाल कोर्टात लागला. 1960 ला मात्र सरकारचा दबाव वाढला आणि बाईंनी कॉलेज सोडलं.

निपाणीचे मास्तर: खुर्च्या जागेवर लावायला शेवटची 5 मिनिटं ठेवा, पुढच्या तासाच्या बाई खोळंबतात.