मदत हवी आहे: एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ सर्फिंग, ओशन बीच की लिंडा मार किनारा?

नवा_सर्फर: गोव्यात आश्वेला सर्फिंग शिकलोय, फेसाळ पाण्यात उभं राहता येतं. बोर्ड ८ फुटी, मऊ फोमचा. शनिवारचा अंदाज: लाटा ५ फूट, पीरियड (दोन लाटांमधलं अंतर, वेळेत) १६ सेकंद, दुपारी वायव्येचा वारा. ५ फूट म्हणजे झेपेल ना? वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी सूट) कोणता घेऊ?

खारा_वारा: ओशन बीच नकोच. तिथे पाण्याची समुद्रात खेचणारी ओढ जबरदस्त असते, शिवाय ओहोटीला गोल्डन गेट सामुद्रधुनीतून सॅन फ्रान्सिस्को खाडीचं पाणी बाहेर पडतं तेव्हा उत्तर टोकाला आणखी जोर येतो. चांगले पोहणारेही तिथे बुडालेत.

आणि नुसत्या ५ फुटांवर जाऊ नका, पीरियड बघा. खोल पाण्यात लाटेची लांबी साधारण १.५६ गुणिले पीरियडचा वर्ग. ९ सेकंदांना सव्वाशे मीटर, १६ सेकंदांना ४०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागू लागतो, म्हणजे १६ सेकंदांची लाट २०० मीटर खोलीपासूनच. ती किनाऱ्याजवळ येताना जास्त उंचावते, बॉयवरच्या (समुद्रात लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रावरच्या) आकड्याहून मोठी होऊन फुटते. शिवाय दोन सेटमध्ये (एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटांमध्ये) कित्येक मिनिटं शांतता असते. समुद्र निवांत वाटतो, माणूस आत जातो आणि मागून सेट येतो. म्हणून आधी २० मिनिटं काठावरून नुसतं बघा.

लिंडा मारला दक्षिण टोकाला, पेड्रो पॉइंट या भूशिराच्या आडोशाला उतरा. उत्तरेकडे लाट मोठी होत जाते. तिथेही शनिवारी कंबरेएवढ्या पाण्यातच फेसाळ लाटा पकडा. सकाळी लवकर जा, मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा असेल तर लाटेची पुढची बाजू साफ राहते. वायव्येचा वारा सुटला की सगळं खवळतं. भरती मध्यावर असलेली बरी. पूर्ण ओहोटीला लाट एकदम सगळीकडून कोसळते.

नवा_सर्फर: आभार! पण एप्रिलमध्येही तिथलं पाणी गार असतं म्हणे, ते का? हिवाळा तर संपला.

निओप्रीन: हाच वायव्येचा वारा कारण. तो वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, खालचं थंड पाणी वर येतं. एप्रिल ते जूनमध्ये १० ते १२ अंश. पाणी त्यातल्या त्यात उबदार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

सूट ४/३ घ्या: अंगाला ४ मिमी, हातापायांना ३. सोबत हूड (डोक्याची टोपी) आणि ३ मिमीचे बूट. घालून बघताना कंबरेमागे आणि काखेत हात फिरवा. तिथे पोकळी राहिली तर प्रत्येक बुडीला गार पाणी आत शिरतं आणि महागडा सूटही वाया. कोरडा असताना पायाला प्लास्टिकची पिशवी चढवून घाला, सरकन जातो. नखांनी ओढू नका, निओप्रीन (सूटचं रबर) फाटतं. बोटांच्या पेरांनी वर सरकवा. सूटची पाटलोण बुटाच्या वरून घ्या, आत खोचलीत तर बुटात पाणी भरतं.

पाण्यात शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपोआप जोरात लागतो. तो शांत होईपर्यंत तोंड पाण्याबाहेर ठेवा, लाटेकडे वळू नका. बोटं जुळवता येईनाशी झाली की लगेच बाहेर या.

खारा_वारा: लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) ८ फुटांचीच, मागच्या पायाला. ओढीत सापडलात तर बोर्ड सोडू नका. किनाऱ्याला समांतर वल्हवत लाटा फुटतात तिथवर जा, तिथून फेसाबरोबर आत या. रविवारी पीरियड १० च्या खाली उतरत असेल तर शनिवार सोडून द्या.