भावना खरोखर दुखावतात का? दूरचित्रवाणीवरील धार्मिक विनोदाविषयी

मेधा_सातारा

'विनोदाने कोणाचाही देव लहान होत नाही, त्यामुळे भावना दुखावल्याची प्रत्येक तक्रार हे ढोंग असते,' असे ठासून सांगणारे एक टिपण काल येथे आले आणि त्याखाली अनेकांनी माना डोलावल्या. देव लहान होत नाही हे मलाही मान्य आहे, परंतु दुखावतो तो माणूस, आणि त्या माणसाचा टिपणात उल्लेखही नाही. माझी आत्या माळकरी आहे. एका वाहिनीवरील प्रहसनात गळ्यात तुळशीची माळ घातलेले पात्र दारूच्या नशेत झोकांड्या खात, 'माउली, माउली' म्हणत बायकांच्या अंगचटीला येताना तिने पाहिले. ती काही बोलली नाही, उठून आत गेली, आणि त्यानंतर तो कार्यक्रम तिने कधी पाहिला नाही. तिने मोर्चा काढला नाही की पोलिसांत अर्ज दिला नाही, म्हणूनच टिपणकारांच्या हिशेबात ती नाही.

ओरडणारे वेगळे असतात, हे मी जाणून आहे. जानेवारी २०१६ मध्ये किकू शारदा या विनोदी अभिनेत्याला दूरचित्रवाणीवर डेरा सच्चा सौदा पंथाचा प्रमुख गुरमीत राम रहीम याची नक्कल केल्याबद्दल हरियाणातील कैथलच्या पोलिसांनी अटक केली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो बाबा बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. त्या प्रकरणात श्रद्धेपेक्षा अनुयायांच्या संख्येचा धाक अधिक होता, असे माझे मत आहे. पण तक्रारदारांपैकी काही जण ढोंगी निघाले, म्हणून दुखावलेली माणसेच अस्तित्वात नाहीत, हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो?

सावंतवाडीकर

मेधाताई, आपल्या आत्यांना वाईट वाटले हे मी नाकारत नाही, परंतु वाईट वाटणे आणि धर्माचा अवमान होणे यांत अंतर आहे. माळ घालून लबाडी करणाऱ्यांवर तुकोबांनी जितके कोरडे ओढले, तितके कोणत्याही वाहिनीने ओढलेले नाहीत. नाथांच्या भारुडातील सून सासरची माणसे मरावीत म्हणून भवानीला नवस बोलते, आणि कीर्तनात ते ऐकताना सासवाच सर्वांत मोठ्याने हसतात. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावताराच्या लोकनाट्यात शंखासुर हा असुर खुद्द देवळाच्या आवारात ब्रह्मदेवाची आणि भटजीची यथेच्छ टिंगल करतो. लहानपणी मी ते आजोबांच्या मांडीवर बसून पाहिले आहे. ते रोज देवपूजा केल्याशिवाय अन्न घेत नसत. ज्यांची श्रद्धा प्रहसनाने हलते, त्यांनी आपली श्रद्धा तपासावी.

मेधा_सातारा

हे शेवटचे वाक्य लिहिताना आपण माझ्या घरातील एका वृद्ध स्त्रीची श्रद्धा तपासायला बसला आहात, याचे आपल्याला भान असावे. दशावतारी मंडळी आधी पेटाऱ्यातील गणपतीची पूजा करतात आणि मग उभी राहतात, आणि शंखासुर झालेल्या नटाला पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच माणसांसमोर यायचे असते. मुंबईतील चित्रीकरणगृहात बसून लिहिणाऱ्याला माझ्या आत्याच्या डोळ्याला डोळा कधी द्यावा लागत नाही, आणि प्रेक्षकांचे हसूही संकलनाच्या वेळी वरून जोडता येते. तुकोबांनी लबाडाला झोडपले ते विठ्ठलाच्या बाजूने उभे राहून. या प्रहसनाचा लेखक कोणाच्या बाजूने उभा होता?

वसईचा_वाचक

आपल्या माळकऱ्याचे एक प्रहसन झाले आणि इतकी चर्चा झाली, म्हणून आम्ही ख्रिस्ती लोक काय पाहतो तेही सांगतो. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस पिढ्यानपिढ्या दारूच पितो, मोडकी हिंदी बोलतो, आणि चर्चमधील पापनिवेदन ही त्याच्या बाबतीत ठरलेली विनोदाची जागा असते. वसईत आमची कित्येक घरे शेतीवाडीची आणि मराठी बोलणारी आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही त्यांच्या धर्मावरून विरोध झालाच. माझ्या मुलीला शाळेत एका मैत्रिणीने, अगदी निरागसपणे, 'तुझे बाबा रोज पितात का?' असे विचारले. मी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. त्या मैत्रिणीला हे कोणी शिकवले असेल?

डिसेंबर २०१९ मध्ये एका वेब कार्यक्रमात आमच्या प्रार्थनेतील 'हालेलुया' या शब्दाची थट्टा झाली, तेव्हा पंजाबातील अजनाळा येथे रवीना टंडन, फराह खान आणि भारती सिंग यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. पुढे टंडन आणि खान यांनी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांची भेट घेऊन माफी मागितली आणि विषय मिटला. पडद्यावरच्या दारुड्याबद्दल मात्र आजवर कोणी माफी मागितलेली नाही, कारण ती सवय झाली आहे.

पुरोहिताचा_मुलगा

वसईकरांनी सवयीचा मुद्दा काढला, म्हणून लिहितो. मराठी विनोदात भटजी आला की तो खादाड, दक्षिणेवर डोळा ठेवणारा आणि धोतर सुटलेलाच असतो. माझ्या वडिलांनी वाईमध्ये आयुष्यभर याज्ञिकी केली आणि गरिबाघरच्या कार्याला कित्येकदा दक्षिणा न घेता उठले. शेवटच्या आजारपणात ते दूरचित्रवाणी लावू देत नसत, आणि त्याचे कारण आम्हा भावंडांना ठाऊक होते. पण हे दुःख मोजायला कोणी येत नाही, कारण भटजीला हसणे म्हणजे पुरोगामित्व, असे ठरून गेले आहे.

सावंतवाडीकर

आपल्या वडिलांविषयी आदर बाळगूनच सांगतो की हे दोन विनोद एका मापाने मोजू नका. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतील जलशांनी, म्हणजे लोकनाट्यांनी, भटजीची टर उडवली, त्यामागे कर्मकांडाच्या नावाने शतकानुशतके नाडल्या गेलेल्या माणसांचा संताप होता. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने कोणाला नाडले होते?

पुरोहिताचा_मुलगा

शतकांचा हिशेब माझ्या वडिलांकडून वसूल करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जलशातला माणूस स्वतः सोसून बोलत होता. आजचा विनोदी लेखक काहीही न सोसता, जाहिरातींच्या मधला वेळ भरण्यासाठी तेच पात्र पुन्हा वापरतो. लेखक कोणाच्या बाजूने उभा आहे, हा मेधाताईंचा प्रश्न इथेही लागू होतो, आणि त्याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

फौजदारी_वकील

चर्चा वडिलांवर येऊन ठेपली आहे, म्हणून कायद्याचे थोडे सांगतो. धार्मिक भावनांविषयीचे २९५-अ हे कलम १९२७ साली दंडसंहितेत आले, आणि १ जुलै २०२४ पासून ते दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत २९९ या क्रमांकाने आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात स्पष्ट केले की प्रत्येक अवमान हा गुन्हा नाही, त्यामागे हेतुपुरस्सर दुष्टावा असला पाहिजे. तरीही गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्यामुळे अटक अनेकदा आधी होते आणि हेतूचा विचार पुढे केव्हातरी होतो. अशा प्रकरणांत आरोपीच्या बाजूने मी उभा राहिलो आहे. ज्या कार्यक्रमावरून गुन्हा नोंदवला, तो अनेकदा तक्रारदाराने पाहिलेलाही नसतो. म्हणून दुःख खरे की खोटे, हे ठाणेदाराने ठरवू नये. वाहिन्यांच्या कार्यक्रमांविषयीच्या तक्रारींसाठी २०११ पासून निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील परिषद आहे, तिकडे लिहावे.

मेधा_सातारा

पोलिसांचा मार्ग नको, हे वकीलसाहेबांचे म्हणणे मी मान्य करते. मात्र गुन्हा नोंदवू नये म्हणून दुखावल्याचेही बोलू नये, असा त्याचा अर्थ कोणी लावणार असेल, तर माझा विरोध कायम आहे.

सावंतवाडीकर

वसईकरांचे एक म्हणणे मला स्वीकारावे लागते, जरी त्यामुळे माझा दशावताराचा दाखला लंगडा पडत असला तरी. आमचा शंखासुर आपल्याच देवळातल्या देवाला हसतो, शेजारच्या वाडीतल्या चर्चला हसत नाही. भटजीविषयी लिहिलेले मात्र मी मागे घेणार नाही, आणि श्रद्धा तपासण्याविषयीचे वाक्य केवळ आत्यांच्या वयाचा मान राखून मागे घेतो.

वसईचा_वाचक

वयाचा मान राखून नव्हे, त्यांना खरोखर वाईट वाटले म्हणून मागे घ्या. मूळ टिपणाला उत्तर द्यायचे ते याच मुद्द्यावर.