रोजच्या बँकेतच डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) काढावं का? (राळेगाव, जि. यवतमाळ)

कपाशी_राळेगाव
तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेत बचत खातं आहे. कापसाचे चुकारे, पीएम-किसान, सगळं त्यातच येते. आता शाखेत थ्री-इन-वनचा (बचत, डिमॅट आणि खरेदी-विक्रीचं खातं एकत्र) बोर्ड लागला. महिन्याला तीनेक हजारांचं निफ्टी ईटीएफ (निफ्टीतल्या कंपन्यांचा फंड, शेअरसारखाच बाजारात मिळतो), कधी एखादा शेअर, हे मोबाइलवरून स्वतःच घ्यायचं आहे. सल्लागार नको. तिथंच काढू का डिस्काउंट ब्रोकरकडे (कमी दलालीत फक्त सौदे करून देणारा)? आणि गावात सांगून राहिले की डिमॅट काढलं की पीएम-किसान बंद होते. खरं का?

वर्धाकाठ
भाऊ, शेवटचं आधी. डिमॅट काढल्यानं हप्ता बंद होत नाही. मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरला असेल तर माणूस अपात्र होतो, मग डिमॅट असो की नसो.

खरी भानगड वेगळी आहे. शाखेतला माणूस 'त्यापेक्षा नवीन बचत खातंच काढा' म्हणाला तर फॉर्म नीट वाचा. सबसिडी या खात्यात घ्यायची, अशी एक ओळ असते. तिथं टिक झाली की एनपीसीआयकडची (सरकारी पैसा कोणत्या खात्यात जायचा ते ज्यांच्या नोंदीवर ठरते) आधार जोडणी नव्या खात्याकडे जाते आणि पुढचा हप्ता तिकडे. मग लोक जुनं पासबुक भरत बसतात. माय-आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसते. फॉर्म भरण्याआधी पाहा, नंतर पुन्हा पाहा.

बाकी, बँक स्वतः शेअर घेऊन देत नाही. ते काम तिची उपकंपनी नाहीतर करार केलेला ब्रोकर करतो. स्टेट बँकेसाठी एसबीआय सिक्युरिटीज, तसं. म्हणून पुढं अडचण आली की काउंटरवरचे साहेब हात वर करतात. तक्रार ब्रोकरकडे, तिथं नाही ऐकलं तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) स्कोअर्स या तक्रारीच्या साइटवर.

पाटसरी
खर्चाचं बोला ना. बँकेचे ब्रोकर बहुतेक टक्केवारीनं घेतात. समजा दर ०.५० टक्के आणि किमान २५ रुपये. तीन हजारांवर १५ होतात, पण कापतील २५, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९.५०. जवळपास एक टक्का गेला. तेच तीन महिन्यांचे ९,००० एकदम घेतले तर ४५, नाहीतर तीन वेळचे ७५. पन्नास हजारांच्या सौद्यावर मात्र २५० आणि जीएसटी. २० रुपये सपाट घेणारा ब्रोकर तिथं २३.६० मध्ये मोकळा, काही तर डिलिव्हरीवर (शेअर घेऊन खात्यात ठेवण्यावर) काहीच घेत नाहीत. दरपत्रक मागा आणि 'किमान दलाली' हा रकाना पाहा. तोच कोणी सांगत नाही.

शेअरवर एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) घेताना ०.१ टक्का, विकताना ०.१ टक्का, घेताना मुद्रांक ०.०१५ टक्के. हे सगळीकडे सारखं. विकताना डीपी चार्ज (डिमॅटमधून शेअर काढायचं शुल्क) दर कंपनीमागे दर दिवशी लागतो, नग कितीही असो. म्हणून दहा शेअर रोज दोन-दोन करून विकू नका.

वार्षिक शुल्काला बीएसडीए (लहान गुंतवणूकदारांचं सवलतीचं डिमॅट) मागा. १ सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या होल्डिंगला शून्य, चार ते दहा लाखांना वर्षाला १००. अट एकच, देशभरात तुमच्या नावावर एकच डिमॅट पाहिजे. 'फुकट' म्हणून दुसरं काढलं की सवलत गेली.

वर्धाकाठ
खर्च बरोबर. पण थ्री-इन-वनमध्ये पैसा बचत खात्यातच राहतो, ऑर्डर टाकली की तेवढाच होल्ड होतो, तोवर व्याज चालू. दुसरीकडे आधी पैसे पाठवावे लागतात, तेही स्वतःच्याच खात्यातून. बायकोच्या यूपीआयवरून टाकले तर परत येतात. आणि केसीसीचं (किसान क्रेडिट कार्डचं) खातं जोडू नका, बचतच लागते. पीककर्ज थकलं म्हणून बचत खात्यावर होल्ड असेल तर ऑर्डर तिथंच रिजेक्ट होते. ॲपवर फक्त 'अपुरी शिल्लक' दिसते आणि माणूस ॲपला शिव्या देतो.

कपाशी_राळेगाव
समजलं. तीनच हजार आहेत तर बँकेतच काढतो. कागद?

ताईसाहेब_आर्वी
पॅन, आधार, रद्द केलेला चेक, कोऱ्या पांढऱ्या कागदावर सही (रेघोट्याचा नको). आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे, ई-साइनचा ओटीपी त्यावरच येतो. सेल्फी घेताना लोकेशन चालू ठेवा. गावात रेंज धरसोड असेल तर हे सगळं तालुक्याला उरका. ओटीपी येईस्तोवर पान संपते आणि पहिल्यापासून सुरुवात.

अर्ज अडकतो तो नावावर. पॅन, आधार, पासबुक तिन्ही समोर ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. एकावर आडनाव आधी, एकावर वडिलांचं नाव गायब, बायांचं तर एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं. डिमॅटमध्ये पॅनचंच नाव चालते. आधी केवायसी झाली असेल तर केआरएच्या (गुंतवणूकदारांच्या केवायसीची नोंद ठेवणारी संस्था) साइटवर पॅन टाकून पाहा. 'ऑन होल्ड' असलं तर बहुतेक मोबाइल-ईमेलची पडताळणी राहिलेली असते.

फॉर्ममध्ये एफ अँड ओची (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे वायद्याचे सौदे) टिक काढून टाका. शाखेतले सगळ्यावर टिक करून देतात. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक लोक तिथं तोट्यात निघाले. डीडीपीआय (विकलेले शेअर डिमॅटमधून काढायची ब्रोकरला दिलेली परवानगी) दिलं नाही तरी चालते, विकताना टीपिन (डिमॅटचा पिन) टाकावा लागतो एवढंच. नॉमिनी मात्र आजच टाका.

पाटसरी
ईटीएफला मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) नको, लिमिट (भाव आपण ठरवून) टाका. कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये विकणारा भलताच भाव लावून बसलेला असतो. आयनॅव्ह (ईटीएफच्या एका युनिटची त्या घडीची खरी किंमत) पाहा, त्याच्या आसपास भाव द्या. दिवसा शेतात असाल तर रात्री एएमओ (बाजार बंद असताना द्यायची ऑर्डर) टाकून ठेवा. आणि पेरणीचा पैसा यात नको. आज विकलं तर हिशेब लगेच पुढच्या कामाच्या दिवशी होतो हे खरं, पण जूनमध्ये भाव पडलेला असला तर बियाणं कशानं घेणार?

कपाशी_राळेगाव
तिन्ही कागद काढले. नाव ज्ञानेश्वर. पॅनवर डी-एन-वाय पासून सुरू, आधारवर आणि पासबुकावर जी-वाय पासून. आधार बदलू का?

ताईसाहेब_आर्वी
नका बदलू. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, आणि पीएम-किसान, फार्मर आयडी सगळं त्यावरच टेकलेलं. पॅन दुरुस्त करा, नंबर तोच राहतो. आधारच्या ई-केवायसीनं ऑनलाइन होते. नवं पॅन आलं की आधी शाखेत झेरॉक्स द्या, मग डिमॅटचा अर्ज. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी तिथं उभं राहायलाही जागा नसते.