गाडीवरचं खाणं आणि गाडीवाले : तुमचे अनुभव लिहा

काल दादर स्टेशनबाहेर वडापाव घेतला, स्कॅन करून पैसे दिले. डबीतली बाई बोलली, "बीस रुपये प्राप्त हुए". काका मान वर न करता पुढचा घाणा सोडत होते. पूर्वी विचारायचे, "आज उशीर?" तुमचं गाडीवाल्याशी काय नातं होतं, आता काय आहे? चवीच्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत.

लालबाग
आमच्या घरचीच गाडी होती. १९८२ च्या संपात बाबांची गिरणी सुटली. आईने चाळीच्या तोंडाशी कढई मांडली. बाबा आधी गाडीवर उभेच राहत नसत, गिरणीच्या खात्यातलं कोणी दिसलं की आत जात. मी शाळेआधी लसूण सोलायचो. बोटांचा वास जायचा नाही म्हणून वर्गात हात खिशात. वडा न घेता नुसत्या चुऱ्यासाठी पोरं यायची, आई द्यायची. उधारीच्या वहीत बहुतेक संपातलीच माणसं. बरीच पानं तशीच राहिली. वही अजून माळ्यावर आहे.

घाटकोपर
पालिकेची हटवायला येणारी गाडी दिसली, "गाडी आली!" अशी हाक आली की आमचे डोसेवाले अण्णा मिनिटात गायब. एकदा मी हातात प्लेट घेऊन पैसे द्यायला त्यांच्यामागे गल्लीत पळालोय. २०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो की सर्वेक्षण होईपर्यंत हटवायचं नाही. अण्णांकडे कागद म्हणाल तर दंडाच्या जुन्या पावत्या. त्या पावत्याच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात, इथेच धंदा करत होतो याचा पुरावा म्हणून!

बोरिवली
राग येईल, पण लिहिते. आई वॉकर घेऊन चालते, स्टेशनकडे फुटपाथ उरलेलाच नाही. २०१७ मध्ये हायकोर्टाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसू नका म्हटलं. आणि हो, संध्याकाळी तिथलीच शेवपुरी मीही खाते.

भांडुप
त्या डबीबद्दल. आमच्याकडच्या पोहेवाल्या ताईंनी टाळेबंदीनंतर स्वनिधीचं (फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्जयोजना) १० हजारांचं कर्ज काढून पुन्हा गाडी लावली. सुट्टे पुढे केले तरी त्या स्कॅनच करायला लावतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गल्ला घरी नेला की सकाळपर्यंत रिकामा. हे खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे."