नाना, किट बॅगेत भरू नका (सोलापूर शिबिर)

प्रेषक: अक्का (स्लाउ, इंग्लंड; सध्या होटगी रोड, सोलापूर)
बुधवार, रात्री 11.50

नाना, तिकडच्या दिवाळीच्या शिबिरातली, रक्ताच्या मूळ पेशी देणाऱ्यांच्या नोंदणीची उरलेली 30 किट तुम्ही शनिवारी येताना बॅगेत घालून आणताय, असं माईंकडून आत्ता कळलं. कृपा करून आणू नका. ती इथे चालणार नाहीत. इथल्या पोरांचे स्वॅब त्यांत घेतले तर फुकट जातील आणि पोरांना मात्र वाटत राहील की आपली नोंदणी झाली. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

बाकीच्यांसाठी: ज्या मुलाच्या ट्रान्सप्लांटसाठी आपण दाता शोधतोय, त्याच्या धाकट्या बहिणीचा रिपोर्ट सोमवारी आला. जुळला नाही. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि त्याला भावंड ही एकच. आई-वडील निम्मे जुळतात. निम्म्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करतात, डॉक्टरांनी तो रस्ता बंद केलेला नाही, पण आधी बाहेर पूर्ण जुळणारा दाता शोधू म्हणालेत. प्लेटलेट्स परवा 9 हजारांवर आल्या होत्या. काल चढवल्या.

शिबिर नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरलंय. कारखान्यातली पोरं म्हणत होती मार्कंडेय रथाच्या दिवशीच घ्या, सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. पण त्या ढोल-ताशात फॉर्म कोण वाचणार? सही करणाऱ्याला कळलं पाहिजे की दोन वर्षांनी फोन आला तरी जायचंय. ज्यांचे नातेवाईक पूर्व भागात आहेत त्यांनी नंबर पाठवा. आणि नाना, किट घरीच.


प्रेषक: नाना (हॅरो)
गुरुवार, सकाळी 7.05

अक्का, तुझ्या शब्दाबाहेर मी नाही, पण कारण तरी कळू दे. 2021 साली आपण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवले तेव्हा कुणी विचारलं नाही कुठल्या देशाचे. ह्या तर नुसत्या कापसाच्या काड्या आहेत. गालाच्या आतून फिरवायच्या, पाकिटात घालायच्या. बर्फ लागत नाही, सुई लागत नाही. परत येताना मी घेऊन येतो आणि इथून पोस्टात टाकतो. मुलाचं वय 19. आपण कागद नाचवत बसायचं का?

डॉ. कोटणीस 1938 साली भैया चौकातलं घर सोडून चीनला गेले. मी त्याच गावचा. एक बॅग आणणं माझ्याच्याने होत नसेल तर मग काय उपयोग?

आणि माझं नाव यादीत घाला. 64 पूर्ण झालीत, बीपीची गोळी सोडली तर ठणठणीत आहे.


प्रेषक: डॉक्टर वहिनी (लेस्टर)
गुरुवार, दुपारी 1.20

नाना, कारण सांगते.

काडीचं काम दोन मिनिटांचं. त्याच्या मागे माणूस असतो. जुळलं की त्याला बोलवायचं, पुन्हा रक्त तपासायचं, पूर्ण तपासणी करायची, मग पेशी काढायच्या. हे सगळं तो राहतो त्याच देशात होतं. म्हणून जो जिथे राहतो तिथल्याच रजिस्ट्रीत, म्हणजे दात्यांच्या यादीत, त्याची नोंद होते. इथली ब्रिटनची रजिस्ट्री सोलापूरच्या अशोक चौकातल्या पोराला घेणारच नाही. त्याची गरजही नाही, कारण शोध जगभर एकत्र घेता येतो. तो सोलापुरात नोंदला आणि रुग्ण टोरांटोत असला तरी दिसतो. आपल्या मुलासाठीही तसाच शोध चालू आहे. इथल्या किटांचा इथेच उपयोग करा. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या तरुणांची नोंद झाली तर तीही त्याच शोधात येते.

वयाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. इथली अँथनी नोलन रजिस्ट्री 16 ते 30 वयाचेच घेते, डीकेएमएस ही दुसरी रजिस्ट्री इथे 55 पर्यंत. भारतात दात्री या रजिस्ट्रीची मर्यादा 18 ते 50. तरुण दात्याच्या पेशींनी रुग्णाचा निकाल चांगला लागतो, म्हणून ही अट. 1974 साली शर्ली नोलन यांनी मुलासाठी लंडनमध्ये ही अँथनी नोलन रजिस्ट्री सुरू केली, जगातली पहिली. त्यांच्या अँथनीला जुळणारा दाता शेवटपर्यंत मिळाला नाही, 1979 साली तो गेला. त्या यादीतून पुढे दुसऱ्यांची मुलं वाचली. शिबिरात हे सांगा. 'फक्त आपल्या मुलासाठी' म्हणून सही करणारे दुसऱ्यासाठी फोन आला की मागे फिरतात. तिकडे रुग्णाला आधी सांगून झालेलं असतं की दाता मिळाला.

आणखी एक. मी भूल देते. हाडातून मज्जा काढतात तेव्हा टेबलाच्या डोक्याशी मी असते. सुई कमरेच्या हाडात जाते, पाठीच्या कण्यात नाही. आपल्या भाषेनेच घोळ केलाय: अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू, दोन्हींत मज्जा, म्हणून लोकांना वाटतं कण्यातून काढतात आणि माणूस लुळा पडतो. पत्रकावर 'अस्थिमज्जा' छापू नका. बहुतेक वेळा हाडाला हातही लागत नाही. चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन घ्यायचं, त्याने मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, दुसऱ्या हातातून परत, चार-सहा तास. त्या दिवसांत अंग दुखतं, ताप येऊ घातल्यासारखं वाटतं, पॅरासिटामॉलने भागतं. पेशी काही आठवड्यांत भरून येतात.


प्रेषक: सचिव
गुरुवार, रात्री 9.45

किटांचा प्रश्न वहिनींनी सोडवला, आभार. पण समितीच्या वतीने तीन गोष्टी नोंदवणं भाग आहे.

शिबिराच्या पत्रकावर मंडळाचं नाव समितीला न विचारता छापलं गेलं. मुलासाठी कुणाची ना नाही, पण दोन वर्षांपूर्वीच्या सभागृहाच्या भानगडीनंतर ठरलं होतं की नाव वापरायच्या आधी मेल यायची.

पैसे: भारतातल्या ट्रस्टला ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनी पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरतो, त्या ट्रस्टकडे एफसीआरएची (परदेशी देणगीच्या कायद्याची) नोंदणी असावी लागते. ती पाहिल्याशिवाय कुणी परस्पर पाठवू नका.

तिसरं, इथल्या तेलुगू संघटनेला मंडळातर्फे कुणी लिहिलं? त्यांचं उत्तर थेट माझ्याकडे आलं आणि मला काहीच माहीत नव्हतं. आपली यादी आधी पुरी करू, मग दुसऱ्यांकडे जाऊ, असं मला वाटतं.


प्रेषक: अण्णा (लीड्स)
शुक्रवार, सकाळी 6.30

सचिवसाहेब, मी लिहिलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. लिहिलं ते मात्र बरोबर होतं.

आमचे आजोबा तेलंगणातून सोलापूरला मागावर विणकाम करायला आले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही. हा मुलगा तसाच, आमच्याच पद्मशाली समाजातला. मॅचिंग ज्या जनुकांवर बघतात त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. पिढ्यान् पिढ्या सोयरिकी समाजातल्या समाजात झाल्या की तेच तेच संच त्या माणसांत फिरत राहतात. म्हणून त्याच्यासारखा संच सापडायची आशा सर्वांत जास्त कुठे, तर जिथे आमची माणसं पांगली तिथे: सोलापूर, भिवंडी, सुरत, सिरसिल्ला. आणि इथे, त्या तेलुगू संघटनेत. 'आपली यादी आधी' म्हणालात, पण त्याच्या दृष्टीने आपली यादी तीच आहे.

कोण कुठे जुळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून शिबिर सगळ्यांसाठी खुलं हवं. सोलापुरात लिंगायत आहेत, मुसलमान आहेत, मराठे, धनगर आहेत. त्यांचे रुग्णही कुणाची तरी वाट बघतायत. भारतीयांची नोंदणी लोकसंख्येच्या मानाने फार थोडी आहे. पण वेळ कमी आहे, तर फोन आधी कुठे करायचे हे ठरवावंच लागेल.

रक्तगट जुळायला हवा का, असं चौघांनी विचारलं. नको. ट्रान्सप्लांट झालं की रुग्णाचा रक्तगटच दात्याचा होतो.


प्रेषक: माई (भवानी पेठ)
शुक्रवार, दुपारी 3.10

वहिनींच्या मज्जेच्या मुद्द्यावर. बायकांना मी सांगते की मटणाच्या नळीत जो गर असतो तोच हा, रक्त तिथे तयार होतं. लगेच कळतं. तेलुगूत मूलुग म्हणतात. पत्रकावर तेच शब्द घाला.

पोरं तयार असतात, आया आडव्या येतात. मला आयांचा राग येत नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या भावाचा अक्कलकोट रोडला अपघात झाला. तिसऱ्या दिवशी ब्रेनडेड म्हणाले. छाती वरखाली होत होती, अंग गरम होतं. एका नवख्या डॉक्टरने व्हरांड्यात उभ्याउभ्याच विचारलं, किडनी देणार का. वहिनीने किंकाळी फोडली. मग एक समुपदेशक बाई आल्या, आम्हाला खोलीत बसवलं, पाणी दिलं. सांगितलं की मेंदूचं खोड मेलंय, श्वास मशीनचा आहे, चार डॉक्टरांचं पॅनल सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं आणि ते डॉक्टर ट्रान्सप्लांट करणारे नसतात. त्या सहा तासांत आम्ही निर्णय घेतला. एक किडनी इथेच बसली. दुसरी आणि लिव्हर पुण्याला गेलं, पोलिसांनी रस्ता मोकळा केला होता. कुणाला बसलं ते सांगत नाहीत. वहिनी अजून दर वर्षी त्या तारखेला त्या अनोळखी माणसांच्या नावाने दिवा लावते.

त्याच्या पाकिटात अवयवदानाचं कार्ड निघालं. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांची सही लागते. नवरा गेलेला, आणि बाईने ते कार्ड पहिल्यांदा दवाखान्यात बघायचं, असं कुणावर येऊ नये. तुमच्यापैकी ज्यांनी अर्ज भरलाय त्यांनी आज जेवताना घरात सांगा.

म्हणून म्हणते, शिबिराआधी बायकांची बैठक घेऊ. दोन तास, विडीच्या कामाची वेळ सोडून. मराठी मी बोलते, तेलुगू अण्णांची बहीण. कन्नड बोलणारी कुणी द्या.


प्रेषक: भाऊ (जुळे सोलापूर)
शुक्रवार, संध्याकाळी 6.00

माई, कन्नडला माझी मिसेस येईल. शिबिर होईल तेव्हा होईल, मला ह्या आठवड्याचं बघायचंय. प्लेटलेट्स पाच दिवसांवर टिकत नाहीत, साठवून ठेवता येत नाहीत. सिंगल डोनरवाल्या, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या, लागतात. सोमवारसाठी दोन माणसं आहेत, गुरुवारसाठी एकही नाही.

ह्यात एक चूक आमच्याकडून झाली. पहिल्या महिन्यात त्याच्या काका-मामांनीच रक्त दिलं. आम्हाला वाटलं, घरचं रक्त सगळ्यात चांगलं. मोठ्या डॉक्टरांनी बंद केलं. नातेवाइकाचं रक्त घेतलं की शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं, आणि उद्या त्याच घरातला दाता वापरायचा झाला तर मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. तेव्हा प्लेटलेट्सला मित्र, शेजारी, कॉलेजची पोरं. नातेवाईक नकोत.

शिबिरात स्वॅबच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. पोरांच्या गालात मावा असतो, दारातच तोंड धुवायला लावू. भाकरी आणि शेंगाचटणी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवू, नाहीतर आधी तिकडंच जातात की.


प्रेषक: नाना (हॅरो)
शनिवार, पहाटे 4.15, विमानतळावरून

किट घरी ठेवली. रात्री धाकट्या नातवाला बसवून त्याच्या नावाने नोंदणी केली, वय 22, स्वॅब पोस्टात पडला. त्याच्या दोन मित्रांनी केली, एक तेलुगू आहे. मोठ्या नातवाने मात्र नको म्हटलं. सुईची भीती वाटते म्हणाला. मी जबरदस्ती केली नाही. आत्ताच नको म्हणालेला बरा, हे वहिनींच्या मेलमुळे समजलं.

माझ्या वयाचं मनाला लागलं होतं. भाऊ, गुरुवारी प्लेटलेट्स देणाऱ्याला आणायला-सोडायला गाडी लागत असेल तर मी आहे. सोलापुरात मला तेवढंच करता येईल, ते सांगा.


प्रेषक: सचिव
शनिवार, सकाळी 10.30

समितीचं फोनवर बोलणं झालं. पत्रकावर मंडळाचं नाव राहू द्या. तेलुगू संघटनेबरोबर इथलं शिबिर गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात, आरतीनंतर. अण्णा, त्यांच्या अध्यक्षांना आता मीच लिहितो, तुमचा नंबर देतो. एफसीआरएचं माझं म्हणणं कायम आहे.


प्रेषक: अक्का (होटगी रोड)
शनिवार, रात्री 10.20

गुरुवारचा दाता मिळाला, कॉलेजातला मुलगा आहे. नाना, त्याला सकाळी 8 वाजता विजापूर रोडवरून घ्यायचंय, पत्ता वेगळा पाठवते. त्याने पोटभर नाश्ता करून यायचं, उपाशी नको.

बायकांची बैठक मंगळवारी दुपारी 3 ला, माईंच्या गच्चीवर. वहिनी, तुम्ही व्हिडिओवर याल का? तिथे सकाळचे साडेदहा असतील. कमरेच्या हाडाचं तुम्हीच दाखवा, स्वतःच्या कमरेवर हात ठेवून. पत्रकात 'नळीतला गर' घातलंय. भिवंडीचे नंबर अजून आले नाहीत. अण्णा, उद्या सकाळी फोन करते.