पी/ई ६ दिसला म्हणून खाणीचा शेअर स्वस्त?

घोडबंदरकर: काल ठाण्याच्या ग्रुपवर पोस्ट आली : "लोहखनिजाचा शेअर पी/ई ६ ला मिळतोय, डोळे झाकून उचला." असले सल्ले वाचून नवी मंडळी अडकतात, म्हणून सविस्तर लिहितोय. खाणीचा पी/ई, म्हणजे शेअरची किंमत भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा (ईपीएस), सगळ्यात कमी दिसतो तो खनिजाचा भाव शिखरावर असतानाच. समजा टनाला भाव १००, खर्च ७०, नफा ३०. भाव १५ टक्के उतरला की नफा थेट अर्धा. शेअर ३००, ईपीएस ५०, पी/ई ६. ईपीएस २५ झाला की त्याच किमतीला १२. मे २०२१ मध्ये लोहखनिज टनाला २०० डॉलरच्या वर होतं, नोव्हेंबरात १०० च्या खाली.

नेरूळ_से१९: पोस्ट माझीच आहे. अहो, तुमचा ७० चा खर्च भाव पडला तरी ७० च कसा राहतो? एनएमडीसी ही सरकारी लोहखनिज कंपनी, तिनं राज्याला द्यायची रॉयल्टी १५ टक्के, मुदतवाढ मिळालेल्या लीजवर (खाणपट्ट्यावर) तिच्या दीडपट जादा रक्कम, म्हणजे २२.५. हे ३७.५ टक्के भावाबरोबरच खाली येतात. खणण्या-वाहण्याचे ३० धरा. १०० ला नफा ३२.५, ८५ ला २३. घट २९ टक्के. अर्धा कुठून काढलात?

घोडबंदरकर: बरं, १५ टक्क्यांना अर्धा नाही, हे घेतलं. आता तुमच्याच आकड्यांत भाव ५० करा. ३१.२५ वजा ३०, टनामागे उरला सव्वा रुपया. तिथे पी/ई काढून दाखवा!

कळवा_नाका: दोघंही मूळ सोडून भांडताय. लीज किती वर्षं उरलीय ते आधी बघा. बँकेचा नफा पुढे चालू राहील असं धरता येतं, खाणीतला टन एकदाच विकला जातो. २०२० ला ओडिशात लिलावात काही खाणींची बोली, म्हणजे राज्याला द्यायचा दराचा हिस्सा, १०० टक्क्यांच्या वर गेली. हे टक्के कंपनीच्या विक्रीदरावर नाहीत, नागपूरचं इंडियन ब्युरो ऑफ माइन्स दरमहा सरासरी दर काढतं, त्यावर. वर रॉयल्टी वेगळी. बाहेर माल विकणाऱ्याला यात काय सुटणार? स्वतःचा पोलाद कारखाना असेल त्यालाच हे झेपतं.

नेरूळ_से१९: सरकारी कंपनीला लिलाव नाही, मुदतवाढ मिळते. तुमचा मुद्दा इथे गैरलागू.

कळवा_नाका: गैरलागू? जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. रॉयल्टी हा कर नाही, राज्यं वेगळा कर लावू शकतात, आणि ऑगस्टच्या आदेशानुसार थकबाकी १ एप्रिल २००५ पासूनची मागता येते. ती १२ वर्षांत हप्त्यांनी. तुमच्या पी/ईत यातलं किती धरलंय? वार्षिक अहवालात 'आकस्मिक देणी' (पुढे कदाचित द्यावी लागणारी रक्कम) ही नोट उघडा, राज्यवार मागण्या तिथेच सापडतात.

ऐरोलीकर: कोळसा यात ओढू नका म्हणजे झालं. कोल इंडियाचा बराच माल कंपनीनं जाहीर केलेल्या सूचित दरानं करारावर जातो, नफा हलतो तो बोलीवर विकल्या जाणाऱ्या ई-लिलावाच्या हिश्श्यानं. शिवाय पगारकरार बघा : लागू १ जुलै २०२१ पासून, सही मे २०२३ ला, वाढ १९ टक्के. मागच्या काळाच्या वाढीव पगाराची तरतूद एका वर्षाच्या नफ्यात मिसळते. ती वेगळी काढल्याशिवाय ईपीएस वापरूच नये.

घोडबंदरकर: म्हणूनच सात वर्षांचा सरासरी ईपीएस घ्या, त्यात एक तेजी आणि एक मंदी असलीच पाहिजे. मग टनामागे रोख नफा आणि उरलेला साठा भागिले वार्षिक उत्पादन, म्हणजे खाण किती वर्षं चालेल, ते बघा.

नेरूळ_से१९: सरासरी ईपीएस मान्य, पोस्ट दुरुस्त करतो. पण कोर्टाच्या निकालावरून अख्खं क्षेत्र बाद करणार असाल तर ते मला बिलकूल पटत नाही. कराच्या थकबाकीची मागणी किती आहे ते राज्यवार मांडा, मग बोलू.